मुक्या साहेबाच्या गावाला

आमच्या कोल्हापूरकडचं माणूस जालन्याला सहसा जात नाही. गेलंच तर कापसाच्या नाहीतर सरकीच्या व्यापाराला जातं. मी गेले ती एका कबरीसाठी, आणि खरं सांगायचं तर एका शब्दासाठी. कबर आणि शब्द दोन्ही माझे नव्हते, माझ्याबरोबर आलेल्या यानिनाबाईंचे होते.

यानिना पोलंडच्या. युद्धात घरदार सुटून, सैबेरिया आणि इराणचा फेरा करून जी पोलिश बायकामुलं कोल्हापूरजवळच्या छावणीत येऊन राहिली, त्यांतल्या एक. मी मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवते आणि आठवड्यातून दोनदा छावणीत इंग्रजी शिकवायला जात असे. यानिना माझ्याच वयाच्या, आणि त्यांच्या देशात भाषेच्याच शिक्षिका. त्यामुळे धडा बाजूला राहायचा आणि आमच्या गप्पा शब्दांवर यायच्या. अग्नीला त्या 'ओग्येन्' म्हणत, धुराला 'दिम', विधवेला 'व्दोवा'. हा शेवटचा शब्द आम्हां दोघींनाही लागू होता. त्यांचा नवरा लढाईच्या पहिल्याच महिन्यात जर्मन तोफांच्या माऱ्यात गेला होता.

त्यांचा धाकटा भाऊ तादेउश लढाईच्या आधीच हिंदुस्थानात आला होता, कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांचा फिटर म्हणून. त्याचं शेवटचं पत्र जालन्याहून आलं होतं. छावणीत स्थिरस्थावर झाल्यावर यानिनांनी त्या कारखान्याला पत्रं घातली. बऱ्याच महिन्यांनी एक लिफाफा आला. आत निजामाच्या कचेरीतली, उर्दूत लिहिलेली मृत्यूच्या नोंदीची नक्कल. आमच्या गल्लीतल्या उर्दू जाणणाऱ्या शेजाऱ्यांनी ती वाचून दाखवली. लढाई सुरू झाली त्याच सालच्या हिवाळ्यात, मौजे पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन इथे तापाने मृत्यू. आणि त्यापुढे, 'कौम : जर्मन', म्हणजे हा माणूस जर्मन लोकांपैकी.

भाऊ गेला हे यानिनांनी मनात कधीच धरलं होतं. ते त्यांनी शांतपणे ऐकलं. पण जर्मन हा शब्द ऐकल्यावर त्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "हे पुसून घ्यायला मला तिथं जायचंय. तुम्ही याल?"

छावणी कधी उठेल आणि उठल्यावर त्यांना जगाच्या कुठल्या टोकाला जावं लागेल, याचा नेम नव्हता. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघी निघालो.

जालना

स्टेशनाबाहेर पडताना सामान तपासणाऱ्या शिपायाने यानिनांच्या पेटीकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "जर्मन हैं क्या?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने गोरी माणसं पाहिली होती ती एकतर इंग्रज, नाहीतर ज्यांना पकडायचा हुकूम होता ते जर्मन. पण यानिनांना तेवढा एकच शब्द कळला आणि टांग्यात त्या पेटी मांडीवर घट्ट धरून बसल्या.

धर्मशाळेत मात्र एक गंमत झाली. पोलिशमध्ये बाईंना 'पानी' म्हणतात, आणि मी त्यांना सवयीने 'पानी यानिना' अशी हाक मारते. मी हाक मारली की धर्मशाळेचा म्हातारा रखवालदार पाण्याचा तांब्या घेऊन हजर. तिसऱ्या तांब्याला त्याने काळजीने विचारलं, "बाई, यांची तब्येत बराबर हाय न्हवं? लई तहान लागून राह्यली." मी यानिनांना ते सांगितलं तेव्हा त्या प्रवासात पहिल्यांदा हसल्या, आणि तो तांब्या त्यांनी खरोखर पिऊन टाकला.

ते दिवस कापसाचे. गावात शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर गाड्यांची रांग, गाड्यांवर माणसाच्या दुप्पट उंचीचे कापसाचे ढीग, आणि जिनिंगच्या कारखान्यांच्या आसपास उडणारा पिंजलेला कापूस. बाभळींना, तारांना, माणसांच्या भुवयांना कापूस चिकटलेला. यानिना म्हणाल्या की त्यांच्या गावी या दिवसांत असंच दिसतं, फक्त ते गार असतं.

कारखान्यातला एक जुना मुकादम तादेउशला ओळखत होता. "कारागीर अव्वल," तो म्हणाला. "मशिनीला कान लावायचा अन् बोट ठेवून सांगायचा, इथं बिघाड हाय म्हणून. मानसासंगं मात्र बोलायचा न्हाई. पिंपळगावच्या एका पाटलाच्या विहिरीवर इंजन बसवायला गेल्ता. तिथंच आस्ताना लढाई लागली." त्याने पुढचं सांगितलं ते असं. हुकूम आला की जर्मन असेल त्याची नोंद करा. तादेउशच्या कागदावर जन्मगाव होतं, आणि ते गाव त्याच्या जन्माच्या वेळी जर्मन बादशहाच्या ताब्यात होतं. कागद वाचणाऱ्याने तेवढंच वाचलं आणि त्याला सांगितलं, पुढचा हुकूम येईपर्यंत हे गाव सोडायचं नाही. हुकूम यायच्या आधी ताप आला.

"त्याने सांगितलं नाही का, की मी जर्मन नाही?" यानिनांनी विचारलं.

मी ते मराठीत विचारलं. मुकादम म्हणाला, "सांगितलं आसंल की. कुनाला कळनार?"

भोकरदन

जालन्याहून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार निघते. ती राजूरच्या अलीकडे चढावर थांबली आणि तिने काही केल्या पुढे जायचं नाव घेतलं नाही. उरलेली वाट आम्ही दमणीतून काढली. दमणी म्हणजे वर कमान घातलेली हलकी बैलगाडी. बैल चांगले पळतात, आणि बसणाऱ्याची हाडं मोजून घेतात. गाडीवान म्हणत होता, "बिलकुल फिकर करू नका, जल्दी नेतो." त्याच्या त्या जल्दीला एक अख्खा दिवस लागला, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ज्वारी उभी होती, कणसं दुधात आलेली. एका शेताच्या बांधावर आम्हांला बसवून लोकांनी हुरडा भाजून दिला. सोबत लसणाचा ठेचा होता. यानिनांनी तो भाजी समजून बोटभर खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत असताना त्यांनी मान हलवून 'चांगलं आहे' असं दाखवलं. शेतातल्या बायकांना ते फार आवडलं.

केळणा नदी ओलांडून भोकरदनला पोचलो. तहसील कचेरीत जुन्या नोंदी सांभाळणारे एक मुन्शीजी होते, पांढरी दाढी, निगुतीने बांधलेला फेटा, आणि अरबी-फारसीचा मोठा नाद. त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि वही काढून नोंद वाचली. तीत नकलेपेक्षा एक टोपणनाव जास्त होतं. "तादेउश, उर्फ गूंगा साहब. कौम जर्मन."

मी यानिनांना इंग्रजीत सांगितलं, नाव, त्यापुढे 'मुका साहेब' हे टोपणनाव, आणि मग जर्मन.

"मुका, जर्मन," त्या म्हणाल्या. "सुमतीबाई, हा एकच शब्द दोनदा लिहिलाय."

मला कळेना. त्यांनी माझी पेन्सिल घेतली आणि कागदावर लिहीत गेल्या. पोलिशमध्ये मुक्याला 'न्येमी' म्हणतात, आणि जर्मन माणसाला 'न्येम्येत्स'. रशियन, झेक, सर्ब, बल्गार, सगळ्या स्लाव भाषांत थोड्या फरकाने हाच शब्द आहे, आणि सगळीकडे त्याचं मूळ मुका हेच. फार जुन्या काळी त्यांचे पूर्वज पश्चिमेच्या शेजाऱ्यांना भेटले. त्यांचं बोलणं कळेना. मग ठरवलं, हे मुके. स्वतःला मात्र त्यांनी 'स्लोवो'वरून नाव घेतलं असं काही पंडित मानतात. स्लोवो म्हणजे शब्द. आम्ही शब्दवाले, ते मुके.

स्लोवो ऐकल्यावर मला संस्कृतातला 'श्रु' धातू आठवला. दोन्हींचं मूळ एकच, ऐकणं. ज्याचं ऐकून कळतं तो आपला.

मी मुन्शीजींना हे सारं हिंदुस्तानीत सांगितलं. त्यांचा चहाचा कप बशीवर तसाच राहिला. "न्येम्येत्स," त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. "बीबी, अरबी किताबों में ऑस्ट्रिया को नम्सा बोलते. मैं उम्रभर पढ़ता आया. कहाँ से आया ये लफ़्ज़, किसी ने बताया नक्को."

यानिना म्हणाल्या, बरोबर आहे. तुर्कांनी स्लाव लोकांकडून उचलला असेल आणि त्यांच्याकडून अरबांनी, ऑस्ट्रियाचे लोक जर्मनच बोलतात.

मुन्शीजी म्हणाले, "और अरब अपने सिवा सब को अजम बोलते. अजम का मतलब भी वहीच. जिसे बोलना न आए."

मग माझी पाळी होती. ज्याचे उच्चार अस्पष्ट तो म्लेच्छ, हे मी वर्षानुवर्षं मुलींना शिकवत आले आहे, आणि त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नव्हतं. आमच्या बाजारात कानडी बोलणं कानावर पडलं की लोक 'यंडुगुंडू' म्हणून हसतात. मीही हसले आहे. हे मी त्या दोघांना सांगितलं. तिघांच्या तीन भाषा, आणि तिघांच्याही घरात ही एकच वस्तू निघाली.

यानिना हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी वर्गात हे शिकवताना मुलं हसायची. मीही हसवायची. माझ्या भावाला कुणीतरी न्येम्येत्स म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं."

नोंद बदलण्याबद्दल मुन्शीजींनी स्पष्ट सांगितलं. कौमच्या रकान्यातला शब्द त्यांच्या कलमाने खोडता येत नव्हता, त्याला वरून हुकूम लागतो. पण गावचा कुणी साक्षीदार आला, तर बाजूच्या रकान्यात साक्ष लिहून ते कागद वर पाठवू शकत होते. "किसी को ले आइए," ते म्हणाले, "जिसने उन्हें देखा हो."

पिंपळगाव रेणुकाई

गाव लहान. रेणुकेचं देऊळ, त्याभोवती घरं, आणि मग लांबवर काळी जमीन. ज्यांच्या विहिरीवर इंजिन बसलं ते पाटील वारले होते. त्यांच्या घरच्यांनी आम्हांला चांगलं वागवलं, जेवायला घातलं. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, आमच्याकडे ते कुणाला ठाऊक नाही. पण तादेउशबद्दल त्यांना फारसं सांगता येईना. "तो शेवटाला ठकूबाई धनगरणीच्या वाड्यावर व्हता," ते म्हणाले. "तिलाच इचारा."

वाडा म्हणजे इथे मेंढरांचा वाडा. गावाबाहेर, काट्यांच्या कुंपणात. मेंढरं चरायला गेली होती. ठकूबाई साठीच्या, उंच, कपाळावर गोंदण. अंगणात बसून लोकर विंचरत होत्या. मी सांगितलं, या मुक्या साहेबाच्या मोठ्या बहीण, फार लांबून आल्या आहेत. त्यांनी लोकर खाली ठेवली आणि यानिनांचा चेहरा नीट पाहिला, जसं बाजारात आपण कापड उजेडाला धरून पाहतो.

"डोळे तेच हायेत," त्या म्हणाल्या. मग घराकडे तोंड करून सुनेला हाक दिली, "पाव्हने आल्यात गं."

आतून सून म्हणाली, "ओदा आनू का?"

यानिना उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं त्यांना काही चावलं. त्यांनी माझा दंड धरला. "काय म्हणाली ती?"

'वोदा' म्हणजे पोलिशमध्ये पाणी. ते मला माहीत होतं, आमच्या 'उदक'शी त्याचं नातं लावून मी कधीकाळी खूश झाले होते. पण त्या अंगणात तो शब्द ऐकून मीही उठून उभी राहिले. सून तांब्या घेऊन बाहेर आली आणि आम्हां दोघींना तशा उभ्या पाहून दारातच थबकली.

ठकूबाईंना यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही. "त्याचाच शबुद हाय तो," त्या म्हणाल्या. "ताप चढला की ओदा ओदा करायचा. पैल्या दिवशी कळंना. मंग पानी दिलं, तर गप झाला. तवापून आमच्यात पान्याला ओदाच म्हन्त्यात. आधी मस्करीत म्हनायचे, आता तोंडी बसलं. ही सून तर मागनं आली, तिला वाटलं हिकडं असंच म्हनत आसतील."

मी एकेक वाक्य सांगत होते आणि यानिना ऐकत होत्या. पाणी त्यांनी घेतलं आणि हातात धरून बसल्या.

मी विचारलं, "तो मुका होता म्हणतात ना सगळे?"

"मुका कशाचा. लई बोलायचा. आमाला कळत न्हवतं, म्हनून मुका." त्यांनी लोकर परत मांडीवर घेतली. "पाटलाच्या इंजनावर आल्ता तवा आमची मेंढरं तिथं पानी प्यायला जायची. मेंढरांसंगं बी बोलायचा. एका कोकराचा पाय मोडल्ता, तर काड्या लावून बांधून दिला त्यानं. ताप आला तसं लोकं म्हनले, सरकारला पायजे आसलेला मानूस हाय, पकडनार हायेत, जवळ जाऊ नका. आमचे मालक म्हनले, पकडायला येतील तवा येतील, तवर त्याला कुनी पानी तर द्यावं. उचलून आनला. नऊ दिस व्हता."

यानिनांनी विचारलं, त्याला फार त्रास झाला का. ठकूबाईंनी खोटं सांगितलं नाही. "झाला. पन येकला न्हवता." मग म्हणाल्या, "एक इचारू का बाई तुमाला? शेवटाला एकच नाव घ्यायचा तो. आमाला वाटलं देवाचं आसंल, न्हाईतर आईचं. यान्का कोन वो?"

मी हा प्रश्न इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, पण गरज पडली नाही. यानिनांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. त्यांना घरी यान्का म्हणायचे हे मला तेव्हा कळलं. तीन वर्षांच्या ओळखीत त्यांनी ते मला सांगितलं नव्हतं. त्या नावाने हाक मारणारं माणूसच उरलं नसेल.

ठकूबाई उठल्या, त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. सून आत गेली.

दुपारी कबर पाहिली. शेताच्या बांधावर कडुलिंबाखाली काळ्या दगडांची रास, नीट रचलेली. कुठला विधी करावा हे कळेना म्हणून ठकूबाईंच्या घरच्यांनी त्याला धनगरी घोंगड्यात गुंडाळून पुरलं होतं. दिवाळीत मेंढरं ओवाळतात तेव्हा एक पणती इथेही ठेवतात. यानिनांनी सांगितलं की त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळे कबरस्तानात जाऊन मेणबत्त्या लावतात, दिवाळीच्याच आगेमागे. म्हणजे त्याला दिवा चुकला नव्हता. त्या बराच वेळ दगडांपाशी बसून पोलिशमध्ये बोलत होत्या. मी आणि ठकूबाई जरा लांब उभ्या राहिलो. ठकूबाईंनी एकदाच म्हटलं, "असंच बोलायचा बघा."

रात्री आम्ही तिथेच जेवलो. ताकातल्या कण्या होत्या, म्हणजे भरडलेल्या ज्वारीचा भात. यानिनांनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "काशा." पोलंडात भरडलेल्या धान्याच्या अशाच जेवणाला काशा म्हणतात. ठकूबाईंनी तो शब्द एकदा म्हणून पाहिला आणि आणखी वाढलं.

पुन्हा भोकरदन

साक्षीला येण्याबद्दल मी भीत भीत विचारलं. कचेरी म्हटलं की खेड्यातली माणसं मागे सरतात, आणि ठकूबाई उभ्या जन्मात भोकरदनच्या बाजारापलीकडे गेल्या नव्हत्या. त्यांनी फक्त मेंढरांचं सुनेला समजावून सांगितलं आणि धुवट लुगडं नेसून दमणीत बसल्या. वाटेत दोघी शेजारी शेजारी, एकीची भाषा दुसरीला न येणाऱ्या. यानिना पोलिश बोलत, ठकूबाई मराठी. मी आधी सांगत होते, मग थांबले. त्यांना माझी गरज दिसत नव्हती.

मुन्शीजींनी वही काढली, कलम शाईत बुडवलं आणि ठकूबाईंना रीतसर विचारायला लागले. नाव, गाव, वय. वय त्यांना ठाऊक नव्हतं, ते मुन्शीजींनी अंदाजाने घातलं. मग त्यांनी विचारलं, "मय्यत को तुमने देखा था?"

"मांडीवर गेला माझ्या."

मुन्शीजींनी ते लिहिलं. मग पुढचा प्रश्न. "मय्यत की कौम क्या थी?"

ठकूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कौम हा शब्द त्यांना माहीत नसावा, किंवा असा प्रश्न कुणी का विचारतं हे कळलं नसावं. मी मराठीत सांगितलं, "ते विचारतात, त्याचे लोक कोण?"

त्यांनी हाताने शेजारच्या खुर्चीकडे दाखवलं. "ह्या काय, बसल्यात की."

मुन्शीजींनी मान वर करून यानिनांकडे पाहिलं. मग बाजूच्या रकान्यात सावकाश लिहिलं आणि ठकूबाईंचा अंगठा घेतला. वरून हुकूम आला की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. मी दोन पत्रं घातली आहेत. यानिनांना आता इंग्लंडला पाठवणार असं छावणीत बोलतात.

लिहिलेलं वाळल्यावर मुन्शीजींनी ते उर्दूत वाचून दाखवलं आणि मी इंग्रजीत सांगितलं. 'मयताची सख्खी बहीण यानिना, राहणार पोलंड, स्वतः हजर. मयत तिच्या लोकांपैकी होता, अशी साक्ष.'

यानिनांनी ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. या वेळी मी भाषांतर करू लागले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना ते मुन्शीजींच्याच तोंडून, उर्दूतच ऐकायचं होतं. मुन्शीजींनी पहिल्या शब्दापासून परत वाचलं, आणि ठकूबाईही पदर सावरून ऐकत बसल्या.